रक्त माझ्याकडे, पेंग्विन तिच्याकडे

मी जन्मात एकही पेंग्विन पाहिलेला नाही. चित्रात, मोबाइलवर, मुलांच्या दप्तरांवर पाहिलाय, तसा तो सगळ्यांनीच पाहिलेला असतो. पण पेंग्विनाचं रक्त हैदराबादेत माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते. तिकडे अंटार्क्टिकाच्या बर्फावर कुणीतरी पक्षी काखेत धरतो, त्याच्या पंखातल्या शिरेतून थेंबभर रक्त काढतो, काचेच्या पट्टीवर पसरून वाळवतो. ती पट्टी बोटीतून, विमानातून फिरत फिरत आमच्या प्रयोगशाळेत येते. इथे मी ती रंगवते आणि मायक्रोस्कोपखाली वाचते. आमच्यात 'वाचणं' असंच म्हणतात.

वाचण्यासारखं त्यात बरंच असतं. पांढऱ्या पेशींचं आपसातलं प्रमाण पाहिलं की पक्षी उपाशी आहे का, धास्तावलेला आहे का, याचा अंदाज येतो. तांबड्या पेशी लांबट असतात, प्रत्येकीत मध्यभागी गडद केंद्रक. त्या पेशींमध्ये मलेरियाचा भाऊबंद एखादा परजीवी शिरून बसला आहे का, तेही पाहायचं. तिकडे डास नाहीत, त्यामुळे परजीवीही नाहीत. पण हवा तापते आहे, उद्या काय होईल सांगता येत नाही, म्हणून दर वर्षी पाहायचं. दर वर्षी मी ढीगभर पट्ट्या पाहते आणि शेवटी लिहिते, काही नाही. पेंग्विनांच्या दृष्टीने ही फार चांगली बातमी असते. मला मात्र कधीकधी वाटतं, आयुष्यभर मान मोडून बसले ते 'काही नाही' एवढं लिहायला.

मोहिमेवर जायची संधी मला आली नाही असं नाही. पहिल्यांदा आली तेव्हा मुलं लहान होती. दुसऱ्यांदा सासरे अंथरुणाला खिळले होते. त्यानंतर घरातलं कुणी आड आलं नाही, तर आमचे सर आड आले. सर मूळचे वरंगळकडचे, तेलुगू, पण प्रयोगशाळेत सगळ्यांशी अस्सल हैदराबादी हिंदीत बोलतात. मी विषय काढला की हसून म्हणायचे, "मॅडम, आप चले गए तो यहाँ स्लाइडाँ कौन देखते?" हे ते कौतुकाने म्हणायचे. मलाही सुरुवातीला कौतुकच वाटायचं. आपल्यावाचून अडतं म्हणजे केवढी गोष्ट! मग लक्षात आलं, की ज्यांच्यावाचून काही अडत नव्हतं ते एकेक करून बर्फ पाहून येत होते.

त्यांतलीच एक ही, आमच्या प्रयोगशाळेतली पुण्याची मुलगी. नवरा आयटीत, घर गच्चीबावलीला उंच इमारतीत. आमच्याकडे आली तेव्हा तिला रक्ताचा थेंब पट्टीवर नीट पसरताही येत नव्हता. एकीकडे जाड, एकीकडे विरळ. तिचा हात धरून मी शिकवलं. पट्टी किती तिरकी धरायची, कुठे थांबायचं, कुठे ओढायचं, सगळं. दोन वर्षांत तिचे हात असे बसले की सरांनी तिला मोहिमेवर पाठवलं. का, तर तिचे थेंब सुरेख पसरतात. शिकवणारी इथेच राहिली आणि शिकलेली बोटीत बसली.

हेवा वाटला. 'थोडासा', 'मनातल्या मनात' वगैरे काही नाही, सणसणीत वाटला. तिने ग्रुपवर व्हिडिओ टाकला, पेंग्विनांची रांग चाललीय, मधेच एक पोटावर आपटतो आणि तसाच घसरत पुढे जातो. सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले. मीही पाठवला आणि फोन उशीखाली ठेवून दिला. सासूबाईंना तो व्हिडिओ कुणीतरी आधीच दाखवला होता. त्या म्हणाल्या, "ही कालची पोरगी जाऊन आली की गं. तू कायकू गेली नाहीस?" मी त्यांना चहा करून दिला आणि साखर घालायची विसरले.

त्यात ती वागायला वाईट असती तर बरं झालं असतं. पण ती मनाने चांगली, हसतमुख, मला ताई ताई म्हणणारी. फक्त कधीतरी म्हणायची, "ताई, तुमचं मराठी किती गोड वाटतं हो ऐकायला!" आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या मराठी बोलतात. इथे हैदराबादेत, नल्लकुंट्यात राहून, तेलुगूत भाजी घेऊन आणि हिंदीत भांडून आम्ही ते टिकवलं, आणि ही त्याला गोड म्हणते, लहान मुलाने बडबडगीत म्हटल्यासारखं. मी हसून सोडून द्यायची. पण ध्यानात ठेवायची.

गेल्या वेळी ती दुसऱ्यांदा जाऊन आली. तिच्यामागून काही आठवड्यांनी खोकी आली. रक्ताच्या पट्ट्यांचं खोकं उघडायचा मान माझा. कात्रीने चिकटपट्टी कापली, झाकण उचललं आणि नाकात झिणझिण्या आल्या. फॉर्मलिन. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी कळलं काय झालंय ते. बाईसाहेबांनी मेलेल्या पिल्लांच्या यकृताचे तुकडे कुजू नयेत म्हणून फॉर्मलिनच्या बरण्यांत आणले होते, आणि त्या बरण्या रक्ताच्या पट्ट्यांशेजारी एकाच खोक्यात भरल्या होत्या.

फॉर्मलिनची ही जुनी खोड आहे. बरणीचं झाकण कितीही घट्ट लावा, फॉर्मलिनची वाफ बाहेर येतेच, आणि न रंगवलेल्या रक्ताला ती लागली की ते रक्त पुढे नीट रंगत नाही. तरी खात्री करावी म्हणून मी काही पट्ट्या रंगवल्या. मायक्रोस्कोपखाली सगळा हिरवट-निळा चिखल. पेशी कुठली, केंद्रक कुठलं, काही उमगेना. अख्ख्या हंगामाचं रक्त वाया गेलं होतं.

मला आनंद झाला. आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. मग वाईट वाटलं, ते पेंग्विनांचं. बिचाऱ्यांना धरलं, उलटंपालटं केलं, सुया टोचल्या आणि हाती चिखल. तिचं वाईट वाटायला मात्र थोडा वेळ लागला.

त्याच दिवशी दुपारी जामबागेत तिचं व्याख्यान होतं. जामबागेत म्हणजे माझ्याच जुन्या मराठी शाळेत, जिथे मी पाटीवर मुळाक्षरं गिरवली. शाळेला पेंग्विनांवर बोलायला कुणीतरी हवं होतं आणि त्यांनी तिला बोलावलं. मला आमंत्रण होतं ते ऐकायला यायचं. मी न जायचं ठरवलं होतं, पण आता पोटात ही बातमी होती. रिक्षा केली आणि गेले.

ती मोहरीच्या रंगाची साडी नेसली होती. पडद्यावर पेंग्विन मोठे मोठे दिसत होते आणि मुलं आ वासून बघत होती. आमच्या शाळेतल्या मुलांचं मराठी आता असंतसंच, तिचं पुणेरी मराठी त्यांना निम्मं कळत असेल, पण हसू सगळं कळत होतं. पेंग्विनांच्या विष्ठेने बर्फ गुलाबी होतो, असं तिने सांगितलं तेव्हा तर छप्पर उडालं. मग शेवटच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, पेंग्विनला बीमारी झाली तर कसं मालूम होतंय?"

ती म्हणाली, "रक्तातून कळतं. आणि ते आम्हाला कोण सांगतं माहितीय? त्या बघा, तिथे बसल्यायत त्या ताई. त्या नसत्या तर आम्हाला काहीच कळलं नसतं."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, टाळ्या पडल्या. मी उभी राहून नमस्कार केला. त्या टाळ्याही तिनेच मिळवून दिलेल्या, तिच्या ताटातून काढून माझ्या ताटात वाढलेल्या. मला त्या गोड लागल्या नाहीत. आणि आता हिला पट्ट्यांचं कसं सांगायचं, हेही वर अवघड करून ठेवलं.

तिला शाल आणि नारळ मिळाला. फाटकाशी आल्यावर मी सांगितलं.

"सगळ्या?" ती म्हणाली.

"सगळ्या."

तिने शाल आणि नारळ माझ्या हातात दिला आणि तिथेच पायरीवर बसली. साडीचाही विचार केला नाही. "बोटीवर म्हणाले, जागा नाही, खोकी कमी करा. म्हणून मी दोन खोक्यांचं एक केलं. झाकणं घट्ट लावली होती हो, ताई. वर पिशव्यासुद्धा बांधल्या होत्या."

इथे हैदराबादेत फॉर्मलिनची खोली वेगळ्याच मजल्यावर आहे, दोन्ही गोष्टी कधी एकत्र येतच नाहीत. त्यामुळे ते कुणाला सांगावंच लागत नाही. मी तिच्याशेजारी बसले. पोरं घरी जात होती आणि जाता जाता तिला 'पेंग्विन मॅडम, बाय' म्हणत होती, आणि ती रडत रडत हात हलवत होती. शाल मात्र चांगल्या प्रतीची होती, मी हात लावून पाहिली.

दुसऱ्या दिवशी ती मला सोबत घेऊन स्वतःच सरांकडे गेली आणि 'चूक माझी' म्हणाली. मला वाटलं होतं सर आगपाखड करतील. ते नुसते म्हणाले, यापुढे रक्त इथे आणायची भानगडच नको. मायक्रोस्कोप तिकडे जाईल, रंग तिकडे जातील आणि पट्ट्या तिथल्या तिथे वाचायच्या. म्हणजे वाचणारं माणूसही तिकडे जाईल. एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तिच्या चुकीने माझं दार उघडलं होतं! पण सर लगेच पुढे म्हणाले, की इथे पूर्व किनाऱ्यावरचे सुरय आणि कुरव हे समुद्रपक्षी, त्यांच्या पट्ट्यांचं नवं काम सुरू झालंय. मॅडम चार महिने तिकडे, तर ते कोण वाचणार?

"मी वाचेन," ती म्हणाली. "ताईंनी शिकवलं तर."

मी तिला थेंब पसरायला शिकवलं होतं. वाचायला शिकवलं नव्हतं, तिने कधी विचारलं नव्हतं आणि मी होऊन सांगायला गेले नव्हते. आता गाठ अशी पडली की मला पेंग्विन पाहायचा तर माझी खुर्ची तिला द्यायला हवी. आणि नुसतं शिकवून भागणार नव्हतं. आमच्याकडे पद्धत आहे, नव्या माणसाचं वाचन जुन्या माणसाशी ताडून बघतात. दोघांनी त्याच पट्ट्या वेगवेगळ्या वाचायच्या, एकमेकांशी बोलायचं नाही, आणि सरांनी दोन्ही निकाल शेजारी ठेवून बघायचे. जुळले तर नवा माणूस तयार. तिचं जुळलं तरच मी जाणार, नाहीतर नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. ते जन्मापासून हैदराबादी, कशाने परेशान होत नाहीत. म्हणाले, "हौ, मग शिकव की. सोप्पं तर आहे."

"सोपं? मला यायला वर्षं गेली."

"मग तिला यायलाबी जातील. कायकू जीव जाळून घेतीस?"

वर्षं गेली नाहीत. उन्हाळाभर मी शिकवलं आणि आंबे संपायच्या आत तिला येऊ लागलं. ही पांढरी पेशी, ही दाणेदार, ही गोल, हिच्या कडेला बघ. ती एकदा सांगितलेलं विसरत नसे. मोजणीच्या यंत्रावर तिची बोटं माझ्यापेक्षा भरभर चालायला लागली, टकटक टकटक, आणि तो आवाज माझ्या डोक्यात जायचा. कधी वाटायचं, लवकर शिक बाई, मला जाऊ दे. आणि त्याच दुपारी तिचं काही चुकलं की जीव सुखावायचा. मी तिला काही लपवलं नाही. सगळं सांगितलं. फक्त शाबास तेवढं मोजूनमापून म्हणायची.

ताडून बघायच्या दिवशी सरांनी किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्याच पट्ट्या निवडल्या. आधी मी वाचल्या, मग तिने. संध्याकाळी सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. सगळं जुळलं होतं, इतकं की सर मान डोलावत होते. फक्त एका सुरयाच्या पट्टीपुढे मी लिहिलं होतं, काही नाही. तिने लिहिलं होतं, परजीवी आहे.

"रंगाचा डाग असेल," मी म्हणाले. नवीन माणसाला रंगाचे डाग फसवतात, हे मीच तिला शिकवलं होतं.

सरांनी पट्टी लावली, तेलाचा थेंब टाकला, बराच वेळ पाहिलं आणि सरकून मला जागा दिली. मी डोळा लावला. तांबड्या पेशीच्या केंद्रकाला कवेत घेऊन एक फिकट निळी, घोड्याच्या नालेसारखी आकृती बसली होती, आत बारीक बारीक दाणे. त्याच वर्तुळात आणखी एक होती. पुस्तकात छापावी इतकी स्वच्छ. डाग वगैरे नव्हता. मी हीच पट्टी सकाळी पाहिली होती आणि माझे डोळे त्यावरून सरकून गेले होते. इतकी वर्षं ज्यात काही नसतं असंच रक्त वाचत आले, 'काही नाही' लिहीत आले. डोळ्यांना तेच दिसायची सवय लागली होती.

"आहे," मी म्हणाले.

ती घाईघाईने म्हणाली, "ताई, मलाही आधी दिसलं नव्हतं. तुम्ही केंद्रकाच्या कडेने बघत जा म्हणाला होतात ना, म्हणून परत पाहिलं."

सरांना वाटलं मी मोहिमेसाठी काळजीत पडलेय. ते मोठ्याने हसले आणि माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "मॅडम, फिकर नक्को करो. उधर तो कीड़े हैच नहीं. आप आराम से जाओ. यहाँ का ये देख लेती."

झालं. ठरलं. ज्या एका शब्दासाठी मी केस पिकवले तो शब्द असा आला. जा. जिथे काही सापडायचं नाही तिथे जा, तिथे तुमचं चालून जाईल. सरांच्या मनात वाकडं काही नव्हतं, ते तर खूश होते, दोन्ही कामं मार्गी लागली होती. मीही धन्यवाद म्हणाले. मला जायचंच होतं. पण मी निघाले की इथे सगळ्यांची तारांबळ उडावी, कुणीतरी माझी खुर्ची बघून हळहळावं, असं जाणं मला हवं होतं. हे जाणं तसं नव्हतं.

मी पर्स घ्यायला माझ्या टेबलाशी गेले. सवयीने मायक्रोस्कोपात वाकून पाहिलं तर एका वर्तुळाऐवजी दोन वर्तुळं दिसली. तिने दोन्ही नळ्यांमधलं अंतर तिच्या डोळ्यांच्या मापाचं करून ठेवलं होतं. मी ते माझ्या मापाला आणायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

ती मागून आली. मला घट्ट मिठी मारली. "ताई, माझे हातमोजे आणि जाड जाकीट घेऊन जा, नवीन काही घेऊ नका. आणि पहिला पेंग्विन दिसला की त्याच मिनिटाला मला फोटो पाठवायचा, कळलं का?" मग तोंड फुगवून म्हणाली, "नाहीतर नकाच पाठवू. शी, मला किती हेवा वाटतोय तुमचा!"

एवढं बोलून ती खळखळून हसली, डबा उचलला आणि घरी गेली. तिच्या गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत मी तिथेच उभी होते. जो शब्द इतकी वर्षं माझ्या घशात अडकून बसला होता, तो तिने असा हसत, मला मिठीत धरून, तोंडावर म्हटला होता. आणि मला त्याचाही हेवा वाटला.